मुंगीच्या पावलांनी पाचगणी

वेगाचे कौतुक कोणालाही कळते. गावच्या जत्रेत 'मौत का कुआँ' लागला की त्याच्याभोवती ही गर्दी! फळ्यांच्या उभ्या विहिरीत एक पोरगा मोटारसायकल गरगर फिरवीत भिंतीवर चढतो, दोन्ही हात सोडतो, काठावरून कोणी पुढे केलेली दहाची नोट जाता जाता उचलतो. बायका डोळ्यांवर पदर घेतात, मुले टाळ्या पिटतात आणि घरी परतताना जो तो त्या पोराच्या धाडसाचे गोडवे गातो.

त्याच गावात गणेशोत्सवात आणखी एक खेळ असतो. हळू सायकल चालवण्याची शर्यत. फक्कीच्या दोन रेघांमधून सायकल न्यायची, पाय टेकला की बाद, आणि जो सर्वांत शेवटी पोहोचेल तो पहिला! पाहणाऱ्याला त्यात पाहण्यासारखे फारसे नसते. सात-आठ मुले जागच्या जागी थरथरत असतात, हँडल इकडून तिकडे वळवीत असतात आणि पिकल्या बोरासारखी एकेक करून गळत असतात. पण जरा विचार करा. विहिरीतल्या पोराला त्याचा वेगच सांभाळीत असतो. गाडी जोरात फिरते आहे तोवर चाक भिंतीवर दाबून धरले जाते. रेघांमधल्या मुलाला असा कोणाचाच आधार नाही. त्याचा तोल त्यानेच राखायचा.

या दोन खेळांतला हा फरक मला उमगला तो मोटारसायकल शिकताना, वयाच्या ५३व्या वर्षी. तोवर माझी सारी नोकरी, म्हणजे एका शाळेतली गणिताची मास्तरकी, सायकलवर आणि बसमध्ये पार पडली होती. आमची लेक नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि आपली साडेतीनशे सीसीची बुलेट आमच्या जिन्याखाली ठेवून गेली. जाताना म्हणाली, "बाबा, नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरेल. आठवड्यातून एकदा सुरू तरी करत जा." मी सुरू करीत गेलो. सुरू केलेली गाडी बंद करताना मन थोडे खट्टू होई. शेवटी एका सोमवारी शिकाऊ परवाना काढला.

घरात ही बातमी सांगितली तेव्हा सौ. काही बोलली नाही. संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर म्हणाली, "शिका. पण मला मागे बसायला सांगू नका."

त्यामागे कारण होते. सौ.चे माहेर वाईचे. २२ वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या मागे बसून ती पाचगणीला निघाली होती. पसरणीचा घाट अर्धाअधिक चढून झाला होता. एका डाव्या वळणावर पुढे ट्रक अडकला म्हणून भावाने गाडी हळू केली. चढावर इंजिन गचके देऊन बंद पडले. त्याने पाय टेकायला गेला तर उताराच्या बाजूला जमीन पायाला लागेना. गाडी सावकाश, अगदी सावकाश आडवी झाली, पण झाली ती त्याच्या पायावर. तीन महिने पाय प्लास्टरमध्ये होता. सौ.ला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण त्या दिवसापासून ती दुचाकीवर बसली नाही आणि तो घाटही तिने पुन्हा चढला नाही. माहेरी जायचे ते एस.टी.ने वाईपर्यंत, आणि तिथूनच परत. "जोरात जाताना काही झालं नाही हो," ती सांगे, "हळू झालो तेव्हाच पडलो."

हे वाक्य मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या सुभेदारांना सांगितले. सुभेदार सातारा जिल्ह्यातले, फौजेत डिस्पॅच रायडर होते. सैन्याचे टपाल मोटारसायकलवरून पोहोचविण्यात त्यांची वीस वर्षे गेलेली. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वहिनींनी लाखातलं बोलल्या बघा, मास्तर. गाडी पळवायला कोन बी पळवतंय. मुंगीच्या पावलानं चालवून दावा, मग वहिनी आपसूक बसत्यात." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्यांनी आमचे दार वाजवले.

आमची शाळा भरे ती पर्वतीच्या पायथ्याजवळच्या एका मैदानावर. सुभेदारांनी घरून एक पिशवी आणली होती. तिच्यातून नारळाच्या करवंट्या निघाल्या आणि शाळेच्या पटांगणावर टाकतात तसली फक्कीची पुडी. करवंट्या मांडून त्यांनी रस्ते केले. पहिल्या दिवशी त्यांनी इंजिन सुरूच करू दिले नाही. गाडी हातांनी ढकलत मैदानाला चार फेऱ्या घालायला लावल्या. एकशेनव्वद किलोंचे, म्हणजे जवळजवळ पाच मणांचे ते धूड. पण सरळ उभे असले की एका बोटाने तोलते, आणि हातभर कलले की दोन माणसांना आवरत नाही. "हितंच सगळं आलं," सुभेदार म्हणाले. "कलल्यावर उचलायची न्हाई. कलायच्या आदी समजायचं."

दुसऱ्या दिवसापासून क्लच. मोटारसायकलच्या डाव्या मुठीत एक गुपित असते. क्लच पूर्ण दाबला की इंजिन आणि चाक यांची फारकत. पूर्ण सोडला की दोघांची घट्ट गाठ. या दोहोंच्या मध्ये बोटभर जागा असते, तिथे ती गाठ सैलसर असते. इंजिन ओढते, पण हिसका देत नाही. यालाच आमचे गॅरेजवाले 'हाफ क्लच' म्हणतात. मोटारीत असा अर्धवट क्लच फार वेळ धरला तर तो जळल्याचा वास येतो. बहुतेक मोटारसायकलींच्या क्लचच्या चकत्या मात्र तेलात बुडालेल्या असतात, त्यामुळे त्या हे बरेच सोसतात. सारी हळू चाल या बोटभर जागेत आहे. तिच्या जोडीला उजव्या पायाने मागचा ब्रेक अगदी हलकेच दाबून ठेवायचा. पुढे ओढणारे इंजिन आणि मागे धरणारा ब्रेक यांच्यामध्ये गाडी ताणलेल्या दोरीसारखी स्थिर होते. आणि हँडल वळलेले असताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. चाक वाकडे आणि ब्रेक पुढचा, असे झाले की गाडी जमिनीवर गेलीच म्हणून समजा.

मी पडलो मास्तर. गाडी उभी का राहते, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. फिरते चाक भोवऱ्यासारखे असते आणि भोवरा जसा फिरता फिरता उभा राहतो तशी सायकलही, असे आपण ऐकत आलो आहोत. पण ते पूर्ण उत्तर नव्हे. २०११ साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल या विद्यापीठांतल्या संशोधकांनी एक गमतीदार सायकल बनवली. तिच्या चाकांना उलट फिरणारी चाके जोडून त्यांनी भोवऱ्याचा गुण पुसून टाकला, आणि तरीही ढकलून दिल्यावर ती स्वाराशिवाय सरळ चालत राहिली! दुचाकी उभी राहण्यातली मुख्य गोष्ट म्हणजे ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला तिचे पुढचे चाक वळते, आणि चाके पुन्हा वजनाच्या खाली येतात. हातावर काठी उभी तोलणारे मूल काठी जिकडे झुकेल तिकडे हात नेते, तसेच. वेगात हे काम गाडी आपले आपण करते. स्वाराला पत्ताही लागत नाही. वेग चालण्याइतका उतरला की गाडी हे काम स्वाराच्या हाती सोपवते. सौ.चे म्हणणे शास्त्राला धरून होते.

ही गोष्ट जपानी लोकांनी आपल्या परीक्षेतच बसवली आहे. तिथे परवान्यासाठी एका अरुंद फळीवरून मोटारसायकल न्यावी लागते. फळी ३० सेंटिमीटर रुंद आणि १५ मीटर लांब. ४०० सीसीपर्यंतच्या गाडीला ती पार करायला किमान ७ सेकंद लागले पाहिजेत, मोठ्या गाडीला १०. त्याहून लवकर गेलात तर गुण कापतात! ७ सेकंद म्हणजे ताशी पावणेआठ किलोमीटर. १० सेकंद म्हणजे साधी चालण्याची गती. मी हे सुभेदारांना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी लगेच मैदानावर फक्कीने तेवढीच पट्टी आखली आणि आपले घड्याळ माझ्या सायकलवरल्या विद्यार्थ्याच्या, म्हणजे शेजारच्या बंड्याच्या, हातात दिले. पहिल्या दिवशी चार सेकंद. आठवड्याने सहा. बाराव्या दिवशी बंड्या ओरडला, "काका, साडेआठ!" सुभेदारांनी फक्त मान हलवली. फौजेत मान हलवणे म्हणजे शाबासकी असते, असे मला पुढे समजले.

त्यानंतर वळणे. सुभेदारांचा एकच मंत्र होता, "नजर." गाडी नजरेमागे जाते. करवंटीकडे पाहाल तर करवंटी फोडाल. वळून जिथे जायचे आहे तिकडे, प्रसंगी खांद्यावरून मागे वळून पाहायचे. हात आपोआप तेवढे वळतात. आणि हळू वळताना शरीर गाडीबरोबर झुकवायचे नाही. गाडी आत कलू द्यायची, आपण मात्र सरळ, किंबहुना थोडे बाहेरच बसायचे. म्हणजे गाडी अगदी लहान वर्तुळात फिरते. शर्यतीतले स्वार गाडीपेक्षाही आत लोंबकळतात ते पाहून शिकलेली पोरे हळू वळणावर तेच करू पाहतात. पण तिथला हिशेब उलटा आहे.

परवान्याच्या परीक्षेत इंग्रजी आठाच्या आकड्यावरून गाडी न्यावी लागते. आपला मराठी ८ किती सुटसुटीत! एक वळसा घेतला की मोकळे. पण इंग्रजी आठ स्वतःच्याच पोटातून परत येतो. डावे वळण संपते न संपते तोच उजवे सुरू. सुभेदार म्हणत, "सरकारनं ह्यो एक आकडा झ्याक निवडलाय." करवंट्यांच्या त्या आठात मी इतक्या फेऱ्या घातल्या की रात्री स्वप्नातही हँडल वळवीत असे, असे सौ. सांगते.

मैदान संपले तेव्हा पुण्याचे पेठ-पर्व सुरू झाले. हळू चालीचे विद्यापीठ काढायचे म्हटले तर पुण्याच्या पेठांपेक्षा दुसरी जागा शोधायला नको. सुभेदारांनी अभ्यासक्रम देवांच्या नावे आखला होता. पहिला धडा उपाशी विठोबा ते खुन्या मुरलीधर. दुसरा पत्र्या मारुती. आणि अंतिम परीक्षा संध्याकाळी सहाला तुळशीबागेजवळून जिलब्या मारुती. तिथे पुढे भाजीची पाटी, डावीकडे रिक्षा, उजवीकडे भर रस्त्यात उभ्या राहून पातेल्याचा भाव करणाऱ्या दोघी बहिणी, आणि मागून कर्कश हॉर्न! तिथे गिअर एकच, पहिला. वेग माणसाच्या चालीचा. दोन्ही पाय पायदानांवर ठेवून मी जिलब्या मारुतीपर्यंत पोहोचलो तेव्हा सुभेदार देवळाच्या पायरीवर बसून होते. "पाय टेकला?" त्यांनी विचारले. "दोनदा." "माणसं उतरली असती म्हणून टेकला, का भ्याला म्हणून टेकला?" या प्रश्नाचा अर्थ समजायला मला दोन दिवस लागले. थांबणे आणि डगमगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोर आजीबाई आल्या तर ब्रेक दाबून, गाडी सरळ करून, मग शांतपणे पाय टेकायचा. घाईने टेकलेला पाय गाडीला कधीच सावरत नाही.

शिकाऊ परवान्यावर मागे माणूस बसवता येत नाही. सुभेदारांनी त्यावर तोड काढली. पन्नास किलो गव्हाचे पोते मागच्या सीटवर करकचून बांधले. मागे ओझे आले की गाडीचा स्वभावच बदलतो. वजन उंचावर जाते, पुढचे चाक हलके होते, आणि जे वळण एकट्याने सहज घ्यावे ते गुंतू लागते. मागच्या चाकात हवाही थोडी जास्त भरावी लागते. दोन माणसांसाठीचा आकडा गाडीच्या पुस्तकात वेगळा दिलेला असतो. आठ दिवस मी गहू फिरवला. सौ. एकदा गॅलरीतून पाहून म्हणाली, "बरं आहे! पोतं घाबरत नाही." पण त्याच रविवारी, हातात परवाना आल्याच्या दुसऱ्या दिवशी, ती आपण होऊन मैदानावर आली. तिने आधी करवंट्या पाहिल्या, पट्टी पाहिली, मला आठ काढायला लावला. मग पदर खोचला, लेकीचे हेल्मेट डोक्यावर चढवले आणि बसली. तिची दहाही बोटे माझ्या खांद्यांत रुतली होती. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीनंतर ती म्हणाली, "वाईपर्यंत येईन. घाटाचं तिथं ठरवू."

डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही निघालो. पुणे ते वाई हे अंतर नव्वद किलोमीटरांच्या आसपास. पहाटेच्या थंडीत कात्रजचा नवा बोगदा मागे पडला, खेड-शिवापूर, कापूरहोळ गेले, शिरवळला नीरा ओलांडली. या मोठ्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. तिथे वेग असतो, आणि वेग तोल सांभाळतो. आम्ही आपले डावी कड धरून साठच्या आत होतो. बाजूने पोरे सुसाट निघून जात, आणि पुढच्या टोलनाक्याच्या गर्दीत तीच पोरे दोन्ही पायांनी बदकासारखी चालताना दिसत. खंबाटकीचा घाट सातारच्या दिशेने जाणाऱ्यांसाठी तेव्हा एकेरी होता. समोरून वाहन येण्याची भीती नसल्याने तो एक प्रकारे रंगीत तालीमच ठरला. सुरूरला मोठा रस्ता सोडला आणि वाईची वाट धरली तेव्हा खरी मजा सुरू झाली. उसाचा हंगाम होता. पुढे उसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा वास, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा नाद. दहा मिनिटे मी एका बैलगाडीच्या मागे तिच्याच चालीने गेलो, पाय न टेकता. गाडीवान मागे वळून हसला आणि ओरडला, "बैलास्नी बी कंटाळा आला, पावनं! जावा की फुडं!"

वाई हे गावच सावकाशीचे आहे. कृष्णेचे घाट एकामागून एक पायऱ्या उतरत पाण्यापर्यंत जातात. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे, की पुराचे पाणी आदळण्याऐवजी दुभंगून दोन बाजूंनी जावे. ज्याने ती बांधली त्याला जोराशी जोराने भिडायचे नसते, हे ठाऊक होते. याच गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचा संसार मांडला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा पुरा व्हायला २०१५ उजाडले. चाळीस वर्षे एका कामाची चाल मोडू न देणे हाही तोलाचाच प्रकार.

मेव्हणा दारातच उभा होता. त्या दुखावलेल्या पायावर तो अजूनही थोडा लचकत चालतो. गाडीवरून उतरणाऱ्या बहिणीकडे तो बघतच राहिला. "ताई, तू? हिच्यावर?" जेवणे झाल्यावर आम्ही मेणवलीला जाऊन आलो. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट सौ.ने लहानपणी कितीदा पाहिलेला. वसईच्या १७३९च्या विजयानंतर आणलेल्या घंटांपैकी एक तिथे टांगलेली आहे. २००४च्या 'स्वदेस' चित्रपटामुळे हा घाट देशभर पोहोचला, पण दुपारच्या वेळी तिथे धुणे धुणाऱ्या दोन बायकांखेरीज कोणी नव्हते. पाण्यात पाय सोडून बसलेल्या सौ.ने वर डोंगराकडे पाहिले. पसरणीच्या घाटाची वेडीवाकडी रेघ उन्हात चकाकत होती. "उद्या सकाळी जाऊ," ती म्हणाली. "ऊन व्हायच्या आत."

रात्री मेव्हणा माझ्याजवळ येऊन बसला. "दाजी, घाटात डावी वळणं जपा," तो म्हणाला. "डाव्या वळणाला आतली कड भिंतीसारखी चढते. मी त्या दिवशी अगदी आतून गेलो होतो. तुम्ही आपल्या बाजूच्या बाहेरच्या अंगानं घ्या. चढ कमी लागतो, आणि पाय टेकायची वेळ आली तरी जमीन पायाखाली असते." बावीस वर्षांत त्याने हे कोणाला सांगितले नव्हते, कोणी विचारलेच नव्हते.

सकाळी आठला आम्ही निघालो. घाटाच्या तोंडाशी पसरणी गाव, शाहीर साबळ्यांचे. तिथून रस्ता डोंगराला बिलगतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर उंच आणि पाचगणी सुमारे १,३००. अंतर अवघे डझनभर किलोमीटर. उजवी वळणे मोठी, ऐसपैस. डावी वळणे आखूड आणि चढी. प्रत्येक वळणाच्या आधीच पहिला गिअर, नजर वळणाच्या पलीकडे, आणि डावी मूठ त्या बोटभर जागेत. घाटात चढणाऱ्याला वाट देणे हा उतरणाऱ्याचा धर्मही आहे आणि कायदाही, एस.टी.च्या एका चालकाने आम्हांला वळणावर थांबून वाट दिली आणि हात वर केला. खाली धोम धरणाचे पाणी आरशासारखे दिसू लागले. सौ.ची बोटे खांद्यांत होतीच.

"हेच ते," ती एकाएकी म्हणाली. डावे वळण. आणि योग असा, की त्या वळणाच्या तोंडाशीच सामानाने वाकलेला एक टेम्पो कण्हत कण्हत चढत होता. त्याला ओलांडायला जागा नव्हती, आणि ओलांडायचेही नव्हते. मी बरेच अंतर सोडले. टेम्पो वळणात शिरला आणि जवळजवळ थांबला. मी गाडी सरळ करून वळणाच्या आधीच थांबलो, पाय टेकला. पायाखाली जमीन होती. उजवा पाय मागच्या ब्रेकवर. टेम्पो वर सरकून दिसेनासा झाला. मग क्लच हळू सोडला, इंजिनाचा सूर जड झाला, गाडीचा मागचा भाग किंचित खाली बसला, म्हणजे चाकाने ओझे उचलले. तेव्हा कुठे ब्रेक सोडला. गाडी एक इंचही मागे गेली नाही. रस्त्याच्या आमच्या अर्ध्या भागाच्या बाहेरच्या अंगाने, मुंगीच्या पावलांनी, आम्ही ते वळण चढलो. दहा-बारा सेकंदांचा मामला. मैदानावरच्या पट्टीला लागत तेवढाच.

पुढच्या वळणावर माझ्या ध्यानात आले की खांदे मोकळे आहेत. मला क्षणभर धस्स झाले. "अगं, धरलंयस ना?" "सीटमागचा दांडा धरलाय एका हातानं," मागून आवाज आला. "ते बघा, खाली मेणवली! आपण काल तिथं बसलो होतो!" दुसऱ्या हाताने ती दरी दाखवीत होती. मी मात्र पाहिले नाही. माझी नजर वळणाच्या पलीकडे होती. सुभेदारांची ताकीदच होती तशी.

पाचगणीला टेबललँडच्या त्या अफाट सपाट खडकावर आम्ही तासभर हिंडलो. वाऱ्याने सौ.चा पदर उडत होता. स्ट्रॉबेरीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. सुभेदारांसाठी एक, बंड्यासाठी एक आणि मेव्हण्यासाठी एक अशा तीन पेट्या घेतल्या. त्या बांधायला मागे जागा पुरेना, तेव्हा सौ. म्हणाली, "दोन मी मांडीवर घेते."

मी म्हटले, "मग धरशील कशानं?"

"उतार आहे," ती म्हणाली, "तुम्ही सावकाश चालवा म्हणजे झालं." आणि पेट्या सांभाळीत ती गाडीवर बसलीसुद्धा. मी एक पेटी तिच्या मांडीवरून काढून टाकीवर बांधली, पहिला गिअर टाकला आणि घाट उतरायला लागलो.